विश्लेषण : पेन्शनचे पैसे ३६ महिने अडकणार; कामगाराच्या कुटुंबाला काय मिळणार?

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराचे काम सुटले की दोन धावपळी एकदमच सुरू होतात. एक नव्या ठेकेदाराच्या शोधाची आणि दुसरी ‘पीएफ काढण्याची’. पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घ्यायचे, असा रिवाजच पडला आहे. घरभाडे थकलेले असते, शाळेची फी भरायची असते, तेव्हा वयाच्या ५८व्या वर्षी मिळणाऱ्या पेन्शनचा विचार कोण करतो?

नेमक्या याच सवयीला भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत हात घातला. नोकरी सुटल्यावर पेन्शनची रक्कम दोन महिन्यांनी काढता येत होती. त्यासाठी आता ३६ महिने थांबावे लागेल, असा निर्णय झाला. पीएफ खाते पूर्ण रिकामे करण्याची मुदतही दोन महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेली. मात्र पीएफमधील ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल. कामगारांचा राग आहे तो पेन्शनवर आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही हिशेब एकदा नीट पाहायला हवा.

पैसे काढले की काय जाते?

मालकाच्या १२ टक्के वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत (ईपीएस-९५) जाते. त्यासाठी वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. दहा वर्षे भरण्याआधी ही रक्कम काढली तर वर्षामागे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे हाती येतात. चार वर्षे राबलेल्या कामगाराला साठेक हजार, तेही वेतन १५,००० असेल तर. त्या बदल्यात ती चार वर्षे खात्यातून पुसली जातात. पुढच्या नोकरीत दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तीन वेळा नोकरी बदलून तीन वेळा पैसे काढणारा कामगार वीस वर्षे कारखान्यात घालवूनही पेन्शनविना राहू शकतो. काढलेल्या सेवेवरचा त्याच्या कुटुंबाचा हक्कही त्याच दिवशी संपतो.

हा हक्क लहान नाही. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर दहा वर्षांची अट लागतच नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन सुरू होते. शिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५व्या वर्षापर्यंत, विधवेच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के मिळतात. कारखान्याच्या गेटवर हे फार कमी जणांना ठाऊक असते.

विम्यातील बदल मात्र कामगाराच्या बाजूचा

पीएफ खातेदाराचा ईडीएलआय योजनेत विमा असतो. त्यासाठी कामगाराला एक पैसा भरावा लागत नाही. मालक वेतनाच्या अर्धा टक्का भरतो. वारसाला किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख रुपये मिळतात. अट होती ती सलग १२ महिन्यांच्या सेवेची आणि गोम तिथेच होती. एका ठेकेदाराकडे शनिवारी काम संपले आणि दुसऱ्याकडे सोमवारी हजेरी लागली, तर मधल्या रविवारमुळे सेवा ‘खंडित’ ठरायची आणि विधवेचे अडीच लाख बुडायचे. मुद्दाम ‘ब्रेक’ देण्याची पद्धत जिथे रूढ आहे, तिथे या अटीत किती दावे अडकले असतील, याची कल्पना करता येते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी विश्वस्त मंडळाने ही अट सैल केली. दोन नोकऱ्यांमधील दोन महिन्यांपर्यंतचा खंड आता सलग सेवाच मानायचा. वर्षभराच्या आत मृत्यू झाला तरी किमान ५०,००० रुपये द्यायचे. आजारपणामुळे वर्गणी थांबली असेल, पण हजेरीपटावरून नाव कमी झालेले नसेल, तर शेवटच्या वर्गणीपासून सहा महिन्यांत झालेल्या मृत्यूलाही विमा लागू करायचा. या बदलांचा गाजावाजा झाला नाही. खरे तर तो कामगार संघटनांनीच करायला हवा होता.

मग आक्षेप कशावर?

किमान पेन्शनवर. सप्टेंबर २०१४ पासून ती १,००० रुपये आहे. पेन्शनचे सूत्र साधे आहे : वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बाईचे वेतन ५,००० आणि सेवा १२ वर्षे धरली, तर सूत्राने ८५७ रुपये येतात. किमान मर्यादेमुळे त्याचे हजार होतात. या हजारात महिन्याची औषधेही भागत नाहीत. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. शिफारस कागदावरच राहिली. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली पेन्शनधारक ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत आहेत. बुलढाण्यात त्यासाठी साखळी उपोषण झाले.

कामगाराचे पैसे त्याच्याच भल्यासाठी तीन वर्षे थांबवायचे, तर त्या थांबण्याचे मोलही दिसायला हवे. हजार रुपयांच्या पेन्शनसाठी थांबा, असे बेकार कामगाराला कोणत्या तोंडाने सांगणार? किमान पेन्शन वाढवली असती तर ३६ महिन्यांची अट कामगारांना पटवणे सोपे गेले असते. सरकारने उलटा क्रम धरला.

दावा अडतो कुठे?

बहुतेकदा कागदावर. पत्नीचे आधारवर माहेरचे नाव, खात्यात सासरचे. जन्मतारखेत फरक. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख न भरणे. वारसाच्या जागी लग्नाआधी लिहिलेले आईचे नाव तसेच. यूएएन खाते आधारशी जोडलेले असेल तर ई-नामांकन मोबाइलवरच, ओटीपी टाकून करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. वेतन कराराच्या वेळी संघटना जसा पगाराचा तक्ता मागतात, तशी प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या नामांकनाची यादीही ठेकेदाराकडून मागता येईल. ठेका बदलताना जुन्या ठेकेदाराचे अखेरचे बिल निघण्याआधी त्याने सर्व कामगारांच्या तारखा भरल्याची खात्री मूळ कंपनीने करावी, हे कलमही करारात घालता येईल.