ऑक्सिमीटर 96 दाखवतोय, मग डॉक्टर मुलाला मास्कचं मशीन का लावायला सांगतात?

कोरोनाने ऑक्सिमीटर गावोगावी पोहोचवला. बोट घातलं, 95 च्या वर आकडा आला की आपण निर्धास्त. पण फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्या, घरी ऑक्सिजन सुरू असलेल्या मुलाच्या बाबतीत हा आकडा फसवू शकतो.

कसं? ऑक्सिजन दिला की रक्तातला ऑक्सिजन वाढतो. पण श्वासाचं दुसरंही काम असतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचं. श्वासाचे स्नायू थकले की तो आत साठत जातो आणि ऑक्सिमीटरला ते कळतच नाही. ते रक्ततपासणीत दिसतं. सकाळी डोकं दुखणं, रात्री झोपमोड, दिवसा पेंग, वजन न वाढणं ही लक्षणं असू शकतात.

अशा वेळी मास्कचं यंत्र लागतं. सीपॅप सतत एकसारखा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं, म्हणजे थकलेल्या स्नायूंचं काम वाटून घेतं. घशात नळी नसते. अनेक मुलांना ते फक्त झोपेत पुरतं, दिवसा ती खेळतात, शाळेत जातात. ‘मशीन लागलं म्हणजे संपलं’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. 1971 मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅप वापरलं, तेही मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते.

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीचं उदाहरण घ्या. सरकारी नवजात कक्षांमध्ये सीपॅप असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. पण मुलांच्या फुफ्फुसांचे तज्ज्ञ गाठायचे तर मुंबईची वाट धरावी लागते, परळच्या वाडियासारख्या रुग्णालयापर्यंत. यंत्र भाड्यानेही मिळतं, पण मास्क? तो मुलाच्या चेहऱ्याच्या मापाचाच हवा आणि मूल वाढेल तसा बदलायला हवा. सैल झाला तर हवा डोळ्यांत जाते, घट्ट झाला तर नाकावर जखम होते, आणि मग मूल तो रात्री ओढून काढतं. एका मास्कसाठी आईबापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. योजनांमध्ये यंत्राइतकाच मास्कचाही विचार व्हायला हवा, असं आम्हाला वाटतं.

दुसरा प्रश्न विजेचा. डिस्चार्जआधीच विचारून घ्या: वीज गेली तर बॅटरी किती तास चालेल, मूल यंत्राविना किती वेळ राहू शकतं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. घरात चूल, धूप, अगरबत्ती असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ओठ निळसर दिसले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा मूल हाक मारूनही नीट जागं होईना, तर आकडा कितीही असो, 108 ला फोन करा.