हक्क मिळायला एकोणपन्नास वर्षं, सोडायला पाच मिनिटं

जमिनीचे भाव वाढले की तालुक्याच्या गावात एका कागदाची मागणी वाढते. हक्कसोडपत्र. रस्ता होणार, एमआयडीसी येणार अशी नुसती कुणकुण लागली, की दहा-दहा वर्षं ज्यांची आठवण आली नव्हती त्या बहिणींना फोन जातात. ‘ताई, एक दिवस ये गं, जरा सहीचं काम आहे.’ ताई येते. जेवण होतं, साडी होते, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही असं सगळं पाच मिनिटांत उरकतं.

मी तालुका कोर्टात दिवाणी वकिली करते. हक्कसोडपत्र करून द्या म्हणून लोक येतात तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, ‘ताई कुठायत?’ ताई आलेल्या असतील तर बाकीच्यांना बाहेर बसवते आणि त्यांना एवढंच विचारते, की तुमच्या वाट्याला किती जमीन येते हे माहीत आहे का? बहुतेकींना माहीत नसतं. काहींना तर कागद कसला आहे तेही माहीत नसतं. ‘वारसाची नोंद करायचीय’ एवढंच सांगून आणलेलं असतं.

ज्या हक्कावर ही सही होते, तो किती उशिरा मिळाला ते आधी बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मापासूनचा वाटा फक्त मुलग्यांनाच ठेवला. राहत्या घराची वाटणी मागायचा अधिकारही मुलीला नव्हता. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ ला कायदा बदलला, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. म्हणजे एकाच घरातल्या थोरलीला हक्क नाही आणि धाकटीला आहे. देशभरासाठी दुरुस्ती आली ती ९ सप्टेंबर २००५ ला. मग त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, यावर पुढची पंधरा वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये एक सांगितलं, २०१८ मध्ये दुसरं, आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, की मुलीचा हक्क जन्मानं आहे आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडता येत नाहीत.)

एवढा सगळा प्रवास पाच मिनिटांच्या सहीनं शून्य होतो. आणि ती सही बेकायदा नसते, हीच खरी अडचण आहे.

यावर ठरलेली उत्तरं येतात. मीही ती रोज ऐकते.

‘लग्नात एवढा खर्च केला की.’ अहो, लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. मांडव, जेवणावळी, मानपान यातलं मुलीच्या नावावर काय राहिलं? आणि हुंडा दिला असेल, तर तो देणं १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून वाटा कापता येत नाही.

‘म्हातारपणी आम्हीच सांभाळतो.’ बऱ्याच घरांत हे खरं असतं, आणि त्याचं मोल आहेच. पण कायदा बघा. लग्न झालेल्या मुलीवरही आई-बापाच्या पोटगीची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे मुलीला कर्तव्य १९८७ ला मिळालं आणि वडिलोपार्जित जमिनीतला हक्क १९९४ नाहीतर २००५ ला. जबाबदारीच्या वेळी ती घरची, वाटणीच्या वेळी परक्याची, हे कसं चालेल?

‘जमिनीचे तुकडे पडतील.’ चार भावांत वाटणी होते तेव्हा हा मुद्दा कुणाला आठवत नाही.

भावानं विहीर पाडली, कर्ज फेडलं, वीस वर्षं जमीन कसली, हा दावा मात्र खरा असू शकतो. त्याचा हिशोब जरूर व्हावा. पण त्याचा अर्थ बहिणीचा वाटा थोडा कमी-जास्त धरणं, तो शून्य करणं नव्हे.

आणि मग सगळ्यात मोठं कारण, जे भाऊ कधी बोलत नाहीत पण बहीण बोलते. ‘वाटा घेतला तर माहेर तुटेल.’ यावर हसू नका. नवऱ्यानं हाकललं, सासर बिनसलं तर जायला एकच दार असतं. ते दार उघडं राहावं म्हणून ती जमीन सोडते. माझ्या मते हक्कसोडपत्र हे प्रेमाचं दानपत्र क्वचितच असतं. बहुतेक वेळा तो विम्याचा हप्ता असतो. आणि विमा वेळेला कामी येईल याची हमी काही नाही.

कारण आता सासरकडे वळा. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’, हे शेतकरी स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था-संघटनांचं जाळं आहे. त्यांनी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या ५०५ बायकांचा अभ्यास केला. त्या कसत होत्या ती शेतजमीन ४० टक्के बायकांच्या नावावर झालेली नव्हती. घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के. कारणं साधी आहेत. जमीन सासऱ्याच्या नावावर, वाटणी झालेली नाही, मृत्यूचा दाखला दिराकडे, आणि तलाठ्याकडे जायला सोबत कुणी नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. राबायचं तिनं, आणि शेतकरी मात्र दुसराच कुणी.

म्हणजे तीच बाई माहेरचं सोडून आलेली आणि सासरचं नावावर न झालेली. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांहूनही कमी. हा आकडा असाच तयार होतो, दोन्ही घरांतून थोडा थोडा.

‘मकाम’सारख्या संघटनांचं काम मला मोठं वाटतं ते याचसाठी. त्या बायकांना एकत्र आणतात, कोणते कागद लागतात ते सांगतात, महसूल खात्याकडे पाठपुरावा करतात, आकडे गोळा करून सरकारपुढे ठेवतात. या रेट्यानंतर राज्य सरकारनं जून २०१९ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियांसाठी शासन निर्णय काढला, त्यात जमीन नावावर करायला मदत करण्याचाही भाग आहे. कायदा दिल्लीत बदलतो, पण तो फेरफारापर्यंत पोचवायला माणसं लागतात. ती माणसं म्हणजे या संघटना.

‘एनजीओवाल्या बायका घरं फोडतात’ असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. लक्ष्मीमुक्तीची मोहीम कुणी काढली? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं, १९८९ नंतर. शेतकऱ्यानं स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. गावात शंभर घरांनी तसं केलं की ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी हे करून दाखवलं. घरं फुटली नाहीत. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावणारा तो पुरुष बाहेरचा नव्हता, आपल्याच मातीतला होता.

कायद्याचंही काम संपलेलं नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, मूल आणि नवरा मागे नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क सासरच्या वारसांचा, आई-बाप त्यांच्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशी केस आली होती. लग्नानंतर काही महिन्यांत विधवा झालेली, सासरनं हाकललेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली बाई. तिची पुंजी तिच्या आईला नाही, सासरच्यांना मिळाली. न्यायालयानं सहानुभूती व्यक्त केली, पण कलम १५ तेच सांगतं. ते अजून तसंच आहे. मुस्लिम मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. आदिवासी स्त्रियांना तर हिंदू वारसा कायदा लागूच नाही. छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा १७ जुलै २०२५ ला समानतेच्या तत्त्वावर त्यांना वाटा मिळाला.

हे सगळं बदलायला वेळ लागेल. पण हक्कसोडपत्राच्या त्या पाच मिनिटांत राज्य सरकार उद्याही बदल करू शकतं. माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, नोंदणीच्या आधी बहिणीला एकटीला बसवून दस्त मराठीत वाचून दाखवावा. भाऊ, नवरा, मुलगा सगळे बाहेर.

दोन, तिच्या वाट्याचं क्षेत्र आणि रेडी रेकनरनुसार त्याची किंमत दस्तावर लिहिणं सक्तीचं करावं. काय सोडतेय हे आकड्यात दिसू दे.

तीन, त्या दिवसापासून तीस दिवसांनीच सही व्हावी. मनापासून सोडणारी बहीण तीस दिवसांनीही सोडेल. तिचं काहीच जात नाही. घाईनं, लाजेनं, भीतीनं सोडणारीला मात्र घरी जाऊन विचार करायला महिना मिळेल. कारण एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र फसवणूक झाली म्हणून रद्द करायचं तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो, आणि फसवणूक सिद्धही तिनंच करायची असते.

शेवटी वाचणाऱ्या बायांसाठी. न समजलेल्या कागदावर सही करू नका. ‘मला वाचून सांगा, मी पुढच्या महिन्यात येते’ एवढं म्हणायला भांडण करावं लागत नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टात जाऊन अर्ज करा.

आणि भावांसाठी. सातबारा ऑनलाइन बघायला काही पैसे पडत नाहीत. आज आपल्या जमिनीचा बघा. त्यावर बहिणीचं नाव आहे का? नसेल, तर ते कधी आणि कोणत्या फेरफारानं गेलं हेही तिथंच सापडेल. तो नंबर लिहून घ्या, आणि आईला विचारा.