पाऊस ठेवला, दुष्काळ वगळला

शब्द गळून पडले की संगीत 'शुद्ध' होते, हा समज मराठी समीक्षेत अजून तग धरून आहे. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटॅकर यांच्या 'क्लाउडबर्स्ट' या रचनेच्या वाद्यवृंदी आवृत्तीवरून आमच्या काही स्नेह्यांशी वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच समज होता. ही आवृत्ती सुषिरवाद्यवृंदासाठी आहे, म्हणजे बासऱ्या, क्लॅरिनेट, पितळी वाद्ये आणि जोडीला तालवाद्ये. (आपल्याकडे याला 'बँड' म्हणतात आणि वरातीपलीकडे तो कुणी गांभीर्याने ऐकत नाही. हा करंटेपणा आहेच, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी.)

मूळ रचना 1992 च्या सुमाराची, एका शाळेच्या गायनवृंदासाठी केलेली. वाळवंटात दुरून पाहिलेला मुसळधार पाऊस आणि त्याच सुमारास हाती आलेला ऑक्टाव्हियो पाझ यांचा कवितासंग्रह, या दोहोंतून ती सुचली. गायक स्पॅनिश शब्द गातात आणि शेवटी पाऊस येतो. शेकोटीभोवतीच्या एका जुन्या खेळातून उचललेल्या चुटक्यांनी थेंब वाजतात, टिनाचे मोठे पत्रे हलवून गडगडाट होतो, हातघंटा किणकिणतात. नाटकाच्या विंगेतला पत्रा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या साधेपणाचे अप्रूप वाटेल. आम्हालाही वाटते. 2001 मध्ये इंडियाना राज्याच्या निवडक विद्यार्थी-वादकांसाठी व्हिटॅकर यांनी हीच रचना बँडसाठी बांधली. चुटक्या राहिल्या, पत्रे राहिले, शब्द गेले.

स्नेह्यांचे म्हणणे असे, की शब्द गेले ते बरेच झाले. स्पॅनिश कोणाला कळते? पाऊस मात्र सर्वांना कळतो!

पाऊस सर्वांना एकसारखाच कळतो, हे कोणी ठरवले? 'क्लाउडबर्स्ट'ला आपण ढगफुटी म्हणतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर हा शब्द मुंबईकराच्या कानी चुटक्यांच्या लयीत पडणे कठीण आहे.

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ज्या कवितेचे शब्द गेले तिचे नाव 'फुटकी घागर'. 1955 ची ही कविता पावसाची नव्हे, अवर्षणाची आहे. कवी होरपळलेल्या भूमीलाच विचारतो, की पाणी नाहीच का, फक्त रक्त आणि धूळच आहे का. आणि तो निसर्गाला दोष देऊन थांबत नाही. सेम्पोआलाचा लठ्ठ मुखिया तिथे येतो, बेडूक येतो, पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिलेली सत्ता येते. घागर आपोआप फुटलेली नाही, ती कोणीतरी फोडली आहे, हा या कवितेचा डंख. हेच पाझ 1962 पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते आणि त्लातेलोल्कोत विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्यावर 1968 मध्ये त्यांनी ते पद सोडले. शब्द आणि सत्ता यांची त्यांनी कधी फारकत केली नाही.

गायनवृंदाच्या रचनेतच मुखिया वगळला गेला होता. तरी भूमीला विचारलेला तो प्रश्न तिथे शिल्लक होता. बँडच्या आवृत्तीत तोही नाही. आधी सत्ता गेली, मग तहान गेली, उरला पाऊस.

यावर 'ही साहित्यवाल्यांची कुरकुर आहे, संगीताला संगीताच्या निकषांनी मोजा' असे उत्तर मिळते आणि पाठोपाठ मर्ढेकरांचा हवाला येतो. ठीक आहे, मर्ढेकरांचाच निकष घेऊ. 'सौंदर्य आणि साहित्य' हा ग्रंथही 1955 चाच, हा एक मौजेचा योगायोग. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे. आता सांगा, बँडच्या आवृत्तीत पावसाला विरोध कशाचा? आरंभीचा संथ भाग, असे सांगितले जाते. परंतु ते मंद, एकमेकांत विरघळणारे स्वरपुंज मुळातच ओले आहेत. कविता ठाऊक नसलेल्या श्रोत्याला तिथे धुके दिसेल, पहाट दिसेल. भेगाळलेली जमीन दिसणार नाही. उरतो तो हळू आणि मोठ्या आवाजाचा विरोध, जो कुठल्याही वादळी रचनेत फुकट मिळतो. ज्यांना केवळ रूपच पाहायचे आहे, त्यांच्याही हिशेबात शब्द काढल्याने रूपाचा एक खांब ढासळला आहे.

व्हिवाल्डीने 1725 मध्ये 'चार ऋतू' छापले, तेव्हा प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत दिले आणि त्यातल्या ओळी स्वरलिपीतही जागोजागी लिहून ठेवल्या. उन्हाळ्याच्या वादळात भ्यालेला मेंढपाळ आहे, आडवे झालेले पीक आहे. ते व्हायोलिन नुसते गडगडत नाही. त्या संगीताला कोणी 'अशुद्ध' म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

बँडची आवृत्ती टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. शंभरभर फुप्फुसांतला वारा पितळेतून घोंगावत येतो तेव्हा गायनवृंद फिका पडतो, हे कबूल करायला हवे. आमचे भांडण तिच्या 'शुद्धते'च्या गौरवाशी आहे. आपल्याकडे जो कोणी ती ऐकवील, वर्गात वा रसास्वाद-मंडळात, त्याने आधी 'फुटकी घागर' मराठीत वाचून दाखवावी. संपूर्ण वाचावी, मुखियासकट. चुटक्या त्यानंतर.