कासेत ट्यूब, घरात दूध: हे कधी थांबणार?

म्हशीची कास सुजली, दुधात गुठळ्या आल्या, की अचलपूरपासून बाळापूरपर्यंत इलाज ठरलेला: सडात अँटिबायोटिकची ट्यूब. सूज उतरली की दूध पुन्हा बाजारात. औषधानंतर काही दिवस दूध विकायचं नसतं. पण त्या दिवसांचे पैसे गरीब दूधवाल्याला कोण देणार?

दुधात पाणी घालणं गुनाह आहे, हे आपण सारे मानतो. मग औषध उतरलेलं दूध लेकरांना पाजणं काय आहे? अशा दुधाला विरजण लावलं तर दहीही धड लागत नाही. आणि जे जंतू औषधाला पुरून उरतात, ते गोठ्यातून माणसात येतात. याच धोक्यापायी २०१९ मध्ये केंद्र सरकारने दुभत्या आणि मांसाच्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

दुसरा रस्ता आहे: बॅक्टेरिओफाज, म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू. तो ठरावीक जंतूतच शिरतो, आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. म्हशीच्या पेशींना तो धक्का लावत नाही. हे कालचं खूळ नाही. फेलिक्स द'हेरेलने १९१७ मध्ये त्याला हे नाव दिलं आणि १९२७ मध्ये पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर तो वापरला. पुढे पेनिसिलिन आलं आणि जगातल्या बहुतेकांनी हे दार लावून घेतलं.

काहीजण म्हणतील, हे कासेत चालत नाही. खरं आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगात कासेच्या १८ भागांपैकी फक्त ३ बरे झाले. दुधातली प्रथिनं जंतूंना चिकटून फाजला अडवतात. पण तिथे एकच फाज वापरला होता. एक शिपाई हरला म्हणून लढाई सोडायची का?

एलिचपुरी म्हैस आपली, गोठ्यातले जंतू आपले. त्यांना मारणारे फाज शोधायचे तर शेण आणि सांडपाणीही इथलंच. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. सरकारने तिला या कामासाठी पैसा द्यावा. अनेक फाजांचं मिश्रण आपल्या गोठ्यांत तपासलं जावं आणि निकाल, अपयशाचा असला तरी, मराठीत आणि उर्दूत दूधवाल्यापर्यंत पोचावा. तोवर ट्यूब वापरलीच, तर फेकलेल्या दुधाची भरपाई मिळावी.

दूधवाल्याला इमानदारीचा उपदेश करणं सोपं आहे. इमानदारी त्याला परवडेल, एवढी सोय आधी करा.