रोबोटचे सांधे मोजा, शस्त्रं नव्हे!

खेळण्यातला रोबोट हातात आला की आपण आधी काय बघतो? लाल डोळे, बंदूक, पाठीवरचं रॉकेट! मी मेकॅनिकलचा आहे, मी आधी सांधे बघतो. मित्र हसतात, हसू देत.

जी. आय. जो मालिकेतला १९८६ चा ‘बॅट’ म्हणजे बॅटल अँड्रॉइड ट्रूपर घ्या. (या मालिकेतले शिपाई आपल्याकडे फनस्कूलने आणले. ही कंपनी १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून निघाली.) उंची जेमतेम पावणेचार इंच, पण मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे सगळं हलतं. १९८२ च्या पहिल्या शिपायांचा हात दंडात फिरत नव्हता, म्हणून बंदूक दोन्ही हातांत नीट धरता येत नसे. १९८३ मध्ये दंडात एक फिरता सांधा दिला आणि प्रश्न सुटला. याला म्हणतात डिझाइन! मनगट मात्र बॅटलाही नाही, तिथे मार्क कापले.

त्याच्या ॲक्सेसरीज मला आवडतात, कारण त्या शोभेच्या नाहीत. उजव्या हाताचा पंजा काढून चिमटा किंवा आग फेकणारी नळी बसवायची, उरलेलं सामान पाठीवरच्या पिशवीत. आपण वर्कशॉपमध्ये टूल बदलतो, तेच तत्त्व.

पण खरी गंमत पोटात आहे. धड आणि पाय एका रबरी ओ-रिंगने ताणून धरलेले असतात. रबर म्हातारं झालं की कंबर लुळी पडते. मग पाठीचा एक स्क्रू काढायचा, हार्डवेअरच्या दुकानातून मापाची रिंग आणायची, की गडी पुन्हा उभा! आज मात्र बरीच खेळणी चिकटवून बंद केलेली असतात. मोडलं की फेका.

तुम्ही म्हणाल, खेळण्याचं एवढं काय? आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना रचना शिकवल्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. हे आम्ही कॉन्व्हेंटमध्ये पाठ केलं, पण हाताला कधी कळलं नाही. पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचाही सांधा रबराचाच, बरं का!

आता आपल्याकडे वळू. एका प्रदर्शनात मी एक रोबोट पाहिला. रंग झकास, एलईडी भरपूर, आणि दुसऱ्याच फेरीत खांदा निखळला. उघडायला गेलो तर सगळा फेविक्विकने जाम! वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्हणून प्रोजेक्टला मार्क देताना सरांनी तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. सांधे किती आणि कशासाठी? स्क्रू काढून उघडता येतो का? आणि मोडलेला भाग आमच्या औशाच्या बाजारात मिळेल का? पुण्या-मुंबईत सगळंच मिळतं हो. औशात दुरुस्त होईल तेच खरं इंजिनिअरिंग!