पाण्याचे सोवळे

आपल्या भाषेत ‘शुद्ध’ हा एक मोठा लबाड शब्द आहे. शुद्ध तूप, शुद्ध कुळ, शुद्धलेखन आणि शुद्ध पाणी या चार ठिकाणी तो चार वेगवेगळी कामे करतो, आणि आपण एकच काम चालले आहे असे धरून चालतो. शुद्धलेखन शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली, म्हणून या शब्दाशी माझी जरा जास्त ओळख. ‘स्वच्छ’ मोजता येते. ‘शुद्ध’ मानावे लागते. माझे म्हणणे एवढेच, की पाण्याच्या बाबतीत आपण स्वच्छतेची चौकशी करीतच नाही. हे पाणी आले कोठून, भरले कोणी, वाटेत कोणाचा हात लागला, हीच आपली चौकशी असते. आणि तिला आपण आरोग्याची काळजी म्हणतो.

सुशिक्षित मंडळींची अशी समजूत आहे, की हा दोष खेड्यातल्या अडाणी माणसाचा. आमच्या गावी टाकीत टी.सी.एल. पावडर पडली, की दुसऱ्या दिवशी ओरड होते: पाण्याला औषधाचा वास मारतो, चहा बिघडतो, त्यापेक्षा आपला आड बरा. ही ओरड नको म्हणून पाणी सोडणारा गडी पावडर हात आखडून टाकतो. मग पावसाळ्यात दवाखान्यासमोर रांग लागते, ती कोणी पावडरीच्या हिशेबात धरीत नाही. एकदा मी मुलांना घेऊन चावडीपुढे ओ.टी. चाचणी करून दाखविली. नळीत नळाचे पाणी घेतले, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. पिवळे झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, पाणी पिण्यास निर्भय आहे, असे मी सांगतो आहे, तोच आडाच्या पाण्याची नळी जशीच्या तशी नितळ राहिली. एक आजी म्हणाल्या, “मास्तर, तुमचं पिवळं तुम्हीच प्या. आमचं पांढरं आम्हाला द्या.” सगळी चावडी हसली. शास्त्राने ज्या रंगाला साक्षीदार म्हणून उभे केले, तोच गावाच्या नजरेत आरोपी ठरला. त्या आजींना अडाणी म्हणण्याचे धाडस मला नाही. डोळ्यांनी जे दिसले त्यावर त्यांनी निवाडा दिला; आपण सारेच देतो.

शहरात तरी दुसरे काय चालते? तेथे आरओचे यंत्र भिंतीवर आले. नगरपालिकेचे पाणी चांगले असो वा वाईट, यंत्र हवेच, कारण शेजाऱ्याकडे आहे. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने सांगितले, की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे या यंत्राला बंदी असावी. कारण ते जेवढे पाणी देते त्याहून जास्त मोरीत सोडते. ऐकले कोणी? लग्नाच्या मांडवात आता निळे जार येतात. ते कोणत्या गोदामात, कोणत्या बोअरवर भरले, हे वरपक्षही विचारीत नाही आणि वधूपक्षही नाही. थंड आहे, नितळ आहे, विकत घेतले आहे, झाले शुद्ध! नळाच्या तोंडाशी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा असा नियम आहे, तो पुढे घागरीत जंतू वाढू नयेत म्हणून. त्या जारमध्ये असा कोणी पहारेकरी नसतो. ज्या वासाला आपण नाक मुरडतो, तो त्या पहारेकऱ्याचा वास आहे.

हा केवळ आपला रोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्णपणे निर्जंतुक केलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले आणि तो रस लोकांपुढे ठेवला. अपाय काही नाही हे पटूनही लोकांना तो नकोसा झाला. ऑस्ट्रेलियातील टुवुंबा शहरात दुष्काळ पडला असताना 2006 साली सांडपाणी शुद्ध करून प्यावे काय, असा कौल घेतला. शंभरातील सुमारे बासष्टांनी नको म्हटले. आणि नामिबियातील विंडहुक शहर 1968 पासून तेच पाणी पीत आहे, कारण जवळ बारमाही नदी नाही आणि नाक मुरडण्याची चैन परवडत नाही. सिंगापूरने युक्ती केली. सांडपाण्याला ‘वापरलेले पाणी’ म्हटले, शुद्ध केलेल्याला ‘न्यूवॉटर’, म्हणजे नवे पाणी. आणि 2002 च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधानांसह हजारोंनी ते जाहीरपणे प्याले. बारशाने बाळ बदलत नाही, पण नातेवाईक बदलतात!

आता आपल्या अंगणात या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, काही शुद्ध होऊन, काही तसेच, मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेत जाते. भीमा उजनीत साठते. आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. तीच भीमा पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते, आणि वारकरी तिचे तीर्थ घेतो. म्हणजे सांडपाणी प्यावे की नाही हा वाद आपल्याकडे केव्हाच निकालात निघाला आहे. आपण ते पितोच. फक्त यंत्रातून आलेले नको, नदीतून आलेले चालते. यंत्राने काढलेला मैला मोजता येतो, पण नदी मैल्याचे नाव पुसते, आणि आपल्याला नावाचीच किळस आहे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, त्याला कोणी हरकत घेत नाही. यंत्राला सोवळे नसते.

येथवर वाचक माझ्याशी सहमत असतील. पुढचे काहींना रुचणार नाही.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 साली सर्वांना खुले केले होते, कागदावर. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तेथे गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती, अन्य धर्मांची माणसे भरीत होती, तोवर तळे शुद्ध होते. माणसे प्याली आणि ते बाटले! मग शेण, गोमूत्र, दूध आणि दही 108 घागरींतून त्यात ओतून सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ केले. जंतुशास्त्राच्या हिशेबाने त्या दिवशी तळ्यात घाण वाढली, शास्त्र्यांच्या हिशेबाने ती गेली. कज्जा दहा वर्षे चालला. 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गटारातून आलेले पाणी कितीही गाळा, उकळा, पडद्यातून दाबून काढा, त्याचा ‘जन्म’ जात नाही, हा युक्तिवाद मी सभ्य, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. पाण्याच्या जागी माणूस घाला आणि वाक्य पुन्हा वाचा. गटारात उतरून मैला काढण्याच्या कामावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरतात, गुदमरून मरतात, आणि ती बहुतेक कोणत्या जातीची असतात हे सांगायला पंचांग लागत नाही. संध्याकाळी तो माणूस साबणाने अंग धुऊन आला, तरी त्याला कप वेगळाच. ज्या मनाला धुतलेला माणूस स्वच्छ वाटत नाही, त्याला धुतलेले पाणी कसे वाटावे?

सरकारी मंडळी यावर पत्रके छापतात. लोकांची अक्कल वाढवा म्हणजे काम झाले, असा त्यांचा हिशेब. लोकांचा संशय नुसता भ्रम नाही, हे त्यांना कोणी सांगायचे? 1955 च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याचे घाण पाणी यमुनेतून शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे 29,000 माणसांना कावीळ झाली. ते पाणी नळाचे होते, सरकारी होते, क्लोरीन घातलेले होते. त्यावर विश्वास ठेवणारेच आजारी पडले. तेव्हा विश्वास मागायचा तर आधी आकडा दाखवावा लागतो. आमच्याकडे ग्रामपंचायतींना पाण्याच्या तपासणीवरून हिरवे, पिवळे, लाल कार्ड मिळते; पण ते कार्ड कपाटात असते. गाव पितो तो रंग गावाला ठाऊक नसतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. त्यांत आधी काय भरले होते, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घसा कोरडा पडला की सोवळे सुटते. पण तेवढ्यासाठी दर वेळी दुष्काळाची वाट पाहायची काय?

आमच्या पाण्याच्या टाकीवर ‘पाणी हेच जीवन’ असे ठळक तैलरंगात लिहिले आहे. त्या जागी रोजचा क्लोरीनचा आकडा खडूने लिहावा, आणि तो लिहिण्याचे काम सातवीच्या मुलांकडे द्यावे, असा अर्ज मी पंचायतीकडे दिला आहे. सुविचार पुसावा लागेल म्हणून तो अद्याप विचाराधीन आहे.