जीवशास्त्राच्या संघात आमच्या मुलांनी जावे काय?

कुरवंडे, लोणावळे व एकंदर मावळातील मुले शालान्त परीक्षा देऊन, पुढे बारावीचा घाट चढून, पुण्या-मुंबईच्या विज्ञानसंस्थांत जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तेथे गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो व तो ती सुटीत घरी घेऊन येतात. संस्थेतील विद्यार्थ्यांचा एक संघ संश्लेषी जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेस जावयाचा आहे. त्यात नाव द्यावे की न द्यावे? आई-वडिलांस त्या शास्त्राचे नावही परके. तेव्हा उत्तर मिळते, "आधी परीक्षा नीट दे, मग पाहू." हे उत्तर काळजीपोटी दिलेले असते, हे आम्ही जाणतो. तथापि नाव द्यावे, आणि आमच्यासारख्या गावांतील मुलांनी तर अगत्याने द्यावे, असे आमचे मत आहे.

प्रथम हे शास्त्र काय, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीच्या आज्ञा जनुकांच्या रूपाने साठविलेल्या असतात. त्यांपैकी एखादी आज्ञा वेगळी काढून, किंवा नव्याने लिहून, ती एखाद्या साध्या जीवाणूच्या पेशीत घातली, तर तो जीवाणू ते काम करू लागतो. मधुमेहाच्या रोग्यास टोचावयाचे मानवी इन्सुलिन 1982 पासून याच रीतीने जीवाणूंकडून करवून घेतलेले बाजारात मिळते. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ते असेल. अशा आज्ञांचे तुकडे विटांप्रमाणे एकमेकांस जोडता यावेत, म्हणजे प्रत्येकाने पुन्हा पायापासून आरंभ करावयास नको, ही संश्लेषी जीवशास्त्राची कल्पना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जानेवारी 2003 मध्ये विद्यार्थ्यांचा एक लहानसा वर्ग यासाठी भरला. 2004 मध्ये त्याची पाच संघांची स्पर्धा झाली, 2005 मध्ये तेरा संघ आले, आणि आज जगभरातून शेकडो संघ येतात. तिला संक्षेपाने आयजेम म्हणतात. हिचे संमेलन पूर्वी बोस्टन येथे भरत असे. 2022 पासून ते पॅरिस येथे भरते. आपल्या देशातून 2006 सालीच बंगळूरचा संघ गेला होता. पुण्यास पाषाण येथील आयसर व मुंबईस माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांचेही संघ या स्पर्धेत उतरलेले आहेत. 2020 साली आयसरच्या संघाने हिवतापाचा विषय घेतला होता. त्या वर्षी महामारीमुळे प्रयोगशाळांची दारे बंद, आणि संमेलनही दूरस्थच भरले.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या शाळेसारख्या धर्मसंस्थेच्या शाळेत पहिला आक्षेप येतो तो असा की, ईश्वराच्या निर्मितीत ही ढवळाढवळ आहे. ज्या आनुवंशिकतेच्या नियमांवर ही सारी इमारत उभी आहे, ते नियम ग्रेगोर मेंडेल या ख्रिस्ती संन्याशाने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून शोधले व 1866 मध्ये प्रसिद्ध केले. निर्मितीचे नियम जाणणे हे भक्तीच्या आड येते असे त्यास वाटले नाही. आपल्या ताटातील इंद्रायणी तांदूळ घ्या. वडगाव मावळच्या कृषि संशोधन केंद्रात आंबेमोहोराचा दुसऱ्या जातीशी संकर करून तो निपजविला, आणि 1987 पासून तो मावळच्या खाचरांत आहे. संकर करणे व जनुक उचलून दुसरीकडे घालणे ही एकच गोष्ट आहे, असे आम्ही म्हणत नाही. दुसरीत सावधगिरी अधिक हवी, आणि ती ठेवली जाते. विद्यार्थ्यांस सामान्यतः रोग न उपजविणाऱ्या, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या जीवाणूंवरच काम करावयास देतात. बदललेला जीव प्रयोगशाळेबाहेर सोडण्यास स्पर्धेच्या नियमांची मनाई आहे. आणि आपल्या देशात या कामास 1989 पासून सरकारी नियमांचे बंधन आहे. भय वाटल्यास पालकांनी संघाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांस खुशाल विचारावे. उत्तर देण्यास जो संघ कंटाळेल, त्यात मुलास न पाठविणेच बरे.

दुसरा आक्षेप वेळेचा. तो खरा आहे. हिवाळ्यात विषय ठरवावयाचा, उन्हाळ्याची सुटी प्रयोगांत घालवावयाची, आणि दिवाळीच्या आगेमागे सर्व काम लिहून द्यावयाचे, असा हा वर्षभराचा व्याप आहे. ज्याचे पहिल्या वर्षाचे विषय राहिले आहेत त्याने एक वर्ष थांबावे.

तिसरा आक्षेप पैशाचा. संघाची नोंदणी काही हजार डॉलरांची असते, आणि पॅरिसचा प्रवास वेगळा. हा भार संस्थेने व देणगीदारांनी उचलावयाचा असतो; तो गरीब विद्यार्थ्याच्या बापाने कर्ज काढून उचलावयाचा नसतो. नाव देण्यापूर्वीच हे स्पष्ट विचारून घ्यावे, त्यात लाज कसली? संमेलनास प्रत्यक्ष जाणे न घडले, तरी वर्षभर केलेले काम कोणी हिरावून नेत नाही. येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. वर्तमानपत्रांत "अमुक संघास सुवर्णपदक" असे मथळे येतात व ते वाचून जगात एकच संघ पहिला आला असे घरी वाटते. वास्तविक ठरलेल्या कसोट्या पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक संघास तेथे पदक मिळते, व सुवर्णपदके पुष्कळ संघांस मिळतात. पदकाचा मोह हे या संघात शिरण्याचे सर्वांत हलके कारण होय.

चौथा आक्षेप पालक मोठ्याने बोलत नाहीत. पण मुलाच्या मनात तो घर करून असतो. "तेथे शहरातील, इंग्रजी शाळांतील हुशार मुले असणार, आपण खेड्यातले, आपले तेथे काय काम?" या एका शंकेपायी किती मुले अर्ज न भरताच मागे फिरत असतील! म्हणून तिचा विचार अधिक करावयास हवा.

2006 साली एडिंबरो विद्यापीठाच्या संघाने पिण्याच्या पाण्यातील सोमल ओळखणारा जीवाणू घडविला. बांगलादेशात लक्षावधी लोक सोमलमिश्रित पाणी पितात, हे त्या विद्यार्थ्यांच्या मनात होते. पाण्यात सोमल असला की जीवाणूंच्या करणीने द्रवाची आम्लता बदलावी व ती सहज मोजता यावी, अशी ती योजना. तिची वाहवा झाली. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट विहिरीच्या काठावर नेणे हे काम त्याहून कितीतरी कठीण ठरले. बदललेला जीवाणू गावात नेण्यास परवानगी कोण देणार? तपासणी कोण करणार? पाणी वाईट निघाले तर त्या बाईने हंडा कोठे भरावा? या प्रश्नांची उत्तरे परीक्षानळीत सापडत नाहीत. म्हणूनच आयजेमच्या परीक्षकांकडून प्रत्येक संघास विचारणा होते की, ज्या लोकांकरिता हे करिता, त्यांस तुम्ही विचारले काय? आणि त्यांच्या सांगण्यावरून आपल्या कामात काय बदलले?

हा प्रश्न ऐकून शहरातील हुशार मुले गोंधळतात. त्यांस जनुकांची नावे पाठ असतात; पण घाटमाथ्यावर वर्षाला 4,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही वैशाखात झऱ्याचे पाणी का आटते, खाचरात कोणत्या नक्षत्रात कोणता रोग दिसतो, शेतकरी औषधाच्या बाटलीवरील अक्षरे वाचतो की दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबतो, हे त्यांस कोण सांगणार? कुरवंड्याचा मुलगा किंवा मुलगी हे सांगू शकेल, आणि ज्या गोष्टी स्वतःस ठाऊक नाहीत त्या मराठीतून बांधावर बसून विचारून आणील. 1661 च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोठी फौज याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली व उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या थोड्या मावळ्यांपुढे शरण गेली. खानाजवळ माणसे पुष्कळ होती. वाट ठाऊक असणारी नव्हती.

जीवशास्त्र न शिकलेल्यांसही येथे जागा आहे, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे व ते आम्हांस फार प्रिय आहे. 2009 साली बंगळूरच्या एका कलाविद्यालयातील विद्यार्थी या स्पर्धेत उतरले. चित्रकला व रचनाकला शिकणारी ही मुले. त्यांनी विषय निवडला पहिल्या पावसाच्या मातीचा वास! मृगाची सर पडताच जो वास सुटतो, तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, व ते द्रव्य मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू तयार करतात. ती करणी त्या मुलांनी प्रयोगशाळेतील साध्या जीवाणूकडून करवून घेतली. हा विषय बोस्टनच्या कोणा पंडितास सुचला असता काय, याची आम्हांस शंका आहे. नागफणीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलास तो वास शिकवावा लागत नाही.

शिवाय याच जातीच्या एका जीवाणूचे नाव आपल्या रेल्वेमार्गावरील एका गावावरून पडले आहे. 1954 साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यातील शास्त्रज्ञांस पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्यास त्यांनी पिंपरीना असे नाव दिले आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध काढले. लोणावळ्याहून पुण्यास जाणारी लोकल रोज त्या पिंपरीवरून जाते. आतील किती विद्यार्थ्यांस हे ठाऊक असेल?

संघात शिरल्यावर आणखी एक शिस्त लागते, व ती शाळेच्या दृष्टीने आम्हांस मोलाची वाटते. कोणते काम कोणी केले, कोणाचे साह्य घेतले, कोणता भाग आधीच्या संघाकडून उचलला, हे प्रत्येक संघास उघड लिहून द्यावे लागते. शेजाऱ्याची वही उतरून काढून स्वतःचे नाव घालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा नियम नीट वाचावा. तसेच प्रयोग फसला तरी तो कसा फसला हे लिहून ठेवण्यास तेथे मान आहे, कारण पुढील वर्षाचा संघ तेच वाचून कामास लागतो. गुणपत्रिकेत असल्या गोष्टींस रकाना नसतो.

इंग्रजीचे काय, असे कोणी विचारील. संमेलनात भाषण इंग्रजीत करावे लागते हे खरे. पण दहा-पंधरा जणांच्या संघात सर्वच भाषणे करीत नाहीत. कोणी गणित करितो, कोणी चित्रे काढितो, कोणी हिशेब ठेवितो, कोणी जीवाणूंच्या बशा सांभाळितो. रोज कामापुरते बोलता बोलता भाषा येतेच.

संघाच्या मुलाखती उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधी होतात. त्यास जाताना मोठाली पुस्तके घोकण्यापूर्वी, येत्या सुटीत आपल्या वाडीतील एक प्रश्न निवडून त्याची माहिती कागदावर लिहून काढावी. पाणी कोठून येते, कोणत्या महिन्यात कमी होते, कोण भरते, कोण आजारी पडते, आजपर्यंत कोणते उपाय झाले व ते का टिकले नाहीत. आजी-आजोबांस विचारावे, ग्रामपंचायतीत विचारावे, आरोग्यसेविकेस विचारावे. तो कागद मराठीत असला तरी चालेल. मुलाखतीत तोच पुढे ठेवावा.